कुंड्यांना पाणी घालतेय तरी पानं करपतायत (लातूर, नळ दहा दिवसांनी)

गच्चीवरची_लातूर

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

लातूरला राहते. वर नऊशे स्क्वेअर फुटांची गच्ची आणि तिच्यावर साठ कुंड्या, सहा वर्षांत एकेक करत जमवलेल्या. लिंबू आहे निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलेलं, कढीपत्ता, तुळस, दोन जास्वंदी, मोगऱ्याच्या चार कुंड्या, गवती चहा, मिरची, टोमॅटो, आणि पालक-मेथी-कोथिंबिरीचे ट्रे. बाकी शोभेची.

मागचा पावसाळा कसा गेला ते सगळ्यांना माहीतच आहे. आमच्या भागात नळ दहा दिवसांनी येतो, तोही तासभर. बोअर साडेसहाशे फूट आहे, मार्चपर्यंत बरा चालला, आता अर्धा तास मोटर चालवली की एक पिंप भरतं आणि मग नुसती हवा. त्यामुळं चांगलं पाणी झाडांना द्यायचंच नाही असं ठरवलंय. झाडांना काय देते तर आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी (रोज दोन बादल्या निघतात), आणि सासऱ्यांच्या खोलीतला कूलर चार-पाच दिवसांनी धुते तेव्हा त्याच्या टाकीत खाली राहिलेलं पाणी. रोज संध्याकाळी प्रत्येक कुंडीला तांब्या तांब्या.

आणि तरी पानं करपतायत. मोगऱ्याच्या पानांची टोकं तपकिरी झालीत, जास्वंदीच्या कडा जळल्यासारख्या, लिंबानं तर पंधरा दिवसांत निम्मी पानं गाळली. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून दोन तांबे घालायला लागले तर अजूनच वाढलं. माती बोटानं बघितली तर ओली लागते. कुंड्यांच्या काठावर पांढरं पांढरं काहीतरी साचलंय, मीठ सांडल्यासारखं, बुरशी आहे का ती?

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे पण विचारते. २०१६ ला मी याच घरात होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. आम्ही घागरी घेऊन रात्री दोनला रांगेत बसायचो. तेव्हा माझ्याकडं फक्त तुळस होती. आता समोरच्या गल्लीत टँकरभोवती बायका उभ्या असतात आणि मी वर झाडांना पाणी घालते, ते वापरलेलं असलं तरी मला ते बघवत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत पण परवा म्हणाल्या, "तेवढ्या पाण्यात माझी फरशी दोनदा पुसून झाली असती."

म्हणून खरंच विचारतेय, झाडं ठेवू का सोडून देऊ?

---

कोरडवाहू

ताई, बुरशी नाही ती. क्षार आहेत. तुमची झाडं तहानेनं नाही, मिठानं जळतायत. शेतकी शाळेपासून आजपर्यंत मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याशीच माझा संबंध आहे त्यामुळं फोटो न बघता सांगतोय.

ओळखायचं कसं ते आधी. तहानलेलं झाड दुपारी अख्खं मान टाकतं आणि पाणी दिलं की तासा-दोन तासात उभं राहतं. क्षारानं जळणारं झाड मान टाकत नाही, त्याच्या जुन्या पानांची टोकं आणि कडा आधी तपकिरी होतात, मग ती पट्टी आत सरकत जाते, आणि माती ओलीच असते. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय.

आता क्षार आले कुठून. आरओमध्ये चार लिटर पाणी गेलं की साधारण एक लिटर प्यायचं मिळतं आणि तीन लिटर बाहेर पडतं. चारही लिटरांतलं बहुतेक सगळं मीठ त्या तीन लिटरांत जातं. म्हणजे मूळ पाण्याचा टीडीएस (लिटरमागं विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ९०० असेल तर बाहेरचं १२०० च्या आसपास. हे वाईट, पण इतकंही नाही.

खरा घोळ कूलरचा आहे. कूलरमधून जे उडून जातं ते निव्वळ पाणी, मीठ एक कणभरही उडत नाही. तुम्ही रोज वरून भर घालता, रोजचं मीठ टाकीत थांबतं, पाचव्या दिवशी टाकीच्या तळाला जे उरतं त्यात चार-पाच दिवसांचं मीठ गोळा झालेलं असतं. कूलरच्या गवताच्या पडद्यावर पांढरे खवले धरतात ना, तेच तुमच्या मोगऱ्याच्या मुळाशी धरलेत. ते पाणी झाडांना घालणं आजच बंद करा. संडासात ओता, वाया जात नाही, तिथलं चांगलं पाणी वाचतं.

आणि रोज तांब्या तांब्या घालणं हे पण चुकतंय. थोडं पाणी वरच्या दोन इंचातच राहतं, उन्हानं वर खेचलं जातं, उडून जातं आणि मीठ वरच ठेवून जातं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड पण पोटभर द्या, खालच्या भोकातून थोडं पाझरेपर्यंत. जे पाझरेल ते मीठ घेऊन जातं म्हणून ते परत कुंडीत घालायचं नाही.

उपाय म्हणाल तर पुस्तकी उपाय आहे कुंडी गोड्या पाण्यानं धुऊन काढणे, कुंडीत जेवढी माती त्याच्या दुप्पट पाणी ओतून. ते आत्ता शक्य नाही आणि करूही नका. आत्ता एवढंच करा, काठावरची पांढरी माती इंच-दीड इंच खुरप्यानं खरवडून काढा, काठ ओल्या फडक्यानं पुसा, वर तेवढंच जुनं शेणखत किंवा कंपोस्ट घाला आणि त्याच्यावर वाळक्या पाल्याचं जाड आच्छादन. धुण्याचं काम पहिल्या पावसावर सोडा. खत म्हणून युरिया-बिरिया काही टाकू नका, तेही मुळांवर मिठासारखंच काम करतं, जळत्या झाडाला अजून चटका.

लिंबू क्षाराला फार नाजूक असतं त्यामुळं ते आधी बोललं. त्याला नळाच्या दिवशी एक बादली चांगलं पाणी द्याच, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही.

---

बार्शीकर

कोरडवाहू दादांनी बरोब्बर पकडलंय. मी पाणी कुठलं कुठं ते सांगतो, आमच्याकडं तीन उन्हाळे असेच काढलेत.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी हे सगळ्यात उत्तम, ते ड्रेनेजला जाऊच द्यायचं नाही. सिंकखाली एक मोठं पातेलं ठेवा, नाहीतर धुणंच पातेल्यात करा. आमच्या घरी पाच माणसांत दिवसाला आठ लिटर भरतं मोजून. फक्त मीठ घातलेलं नको, म्हणजे उकडलेल्या शेंगांचं वगैरे. हे पाणी तुळस, कढीपत्ता, मिरची कशालाही चालतं. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी वास मारतं.

आंघोळीचं पाणी मोठ्या झाडांना, जमिनीत असतील तर जास्त बरं. कर्दळ, केळ, अळू, शेवगा. कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी कुठल्याच झाडाला नाही, त्यात सोडियम भरपूर, माती घट्ट होते, वर टाकलेलं पाणी आत मुरतच नाही. शेवटच्या खळबळीचं चालतं, पण पालेभाजीला आणि कच्चं खायच्या कशालाही नाही. भांड्याचं पाणी तेलकट असतं, मी नाही वापरत.

आता माझी आवडती गोष्ट. संक्रांतीची सुगडं असतील ना माळ्यावर? नवरात्राचे घट, अक्षय तृतीयेची करा-केळी, काहीही भाजलेल्या मातीचं, चकाकी नसलेलं. ते कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, रोपाच्या बुडाला चिकटून नाही, कडेला. त्यात पाणी भरायचं, तोंडावर पणती उपडी ठेवायची. एवढंच. माती कोरडी झाली की सुगडातून ओढून घेते, ओली असली की थांबते, कुणी बघायला लागत नाही. वरची माती कोरडीच राहते त्यामुळं उडून जाणारं पाणी एकदम कमी होतं. बारा इंची कुंडीला एक सुगड, मी दोन दिवसांनी भरतो, मोठ्या ड्रमला जुना लहान माठ.

पण पुरायच्या आधी एक करा. सुगड पाण्यानं भरून फरशीवर ठेवा तासभर. बाहेरून घामेजलं, खाली ओला गोल उमटला तर चांगलं. हल्ली बाजारात ऑइलपेंट मारलेली, टिकल्या लावलेली सुगडं मिळतात, ती पाझरत नाहीत. माझी पहिली सहा सुगडं असलीच होती, आठ दिवस मी खूश की बघा पाणी संपतच नाही, आणि मिरच्या सुकून गेल्या. रंग काचपेपरनं घासून काढला तेव्हा पाझरायला लागली.

पणती विसरू नका, उघड्या सुगडात चार-आठ दिवसांत डासांच्या अळ्या होतात. आणि खारं पाणी सुगडात घालू नका, भोकं मिठानं बुजतात.

---

मोरीमागचं_अळू

पोरी, तू दुसरा जो प्रश्न विचारलास त्याचं उत्तर मी देते कारण झाडांचं हे दोघं सांगतायतच.

७२ ला मी अकरा वर्षांची होते, केज तालुक्यात. आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे दुष्काळी कामावर, आम्हा पोरांना शाळेत सुकडी मिळायची आणि घरी लाल मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी, ती घशाखाली उतरायची नाही. विहीर गावात एकच जिवंत होती, आई पहाटे जाऊन दोन घागरी आणायची. त्या दोन घागरीत आम्ही सहा माणसं आणि एक शेळी.

आणि तरी आमच्या न्हाणीच्या मागं अळू होतं. कधीच वाळलं नाही ते. कारण आईनं त्याला कधी पाणी "घातलंच" नाही. आम्ही तोंड धुवायचं ते दगडावर, दगडाचा उतार अळवाकडं. हात धुवायचे तिथंच. भांडी राखेनं घासून तिथंच विसळायची. पाणी माणसाच्या अंगावरून जाऊन मगच झाडाला मिळायचं. त्या अळवाची पातळ भाजी आणि मिलोची भाकरी असं आम्ही किती दिवस खाल्लंय ते मी आजही विसरले नाही. शेजारणींना पण पानं जायची, कुणी आईला म्हटलं नाही की तू झाडाला पाणी का घालतेस.

तेव्हा झाडं ठेवायची का, तर ठेवायची. पण साठ नाही ठेवायची. आईकडं दारात शेवंतीचा वाफा होता, तो तिनं त्या वर्षी सोडला. रडली नाही काही नाही, एक दिवस नुसतं म्हणाली की आता याला नको. तू गच्चीवर जाऊन प्रत्येक कुंडीपुढं उभी राहा आणि बघ की हे झाड गेलं तर परत यायला किती वर्षं लागतील. पालक दीड महिन्यात परत येतो. लिंबाला चार वर्षं लागतात. पालक, मेथी, कोथिंबीर बंद कर, ट्रे रिकामे कर, ती माती लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या अंगावर घाल. टोमॅटोचा हट्ट सोड. शोभेची आहेत त्यातली दोन-चार जिवाची ठेव, बाकी कुणाच्या अंगणात जागा असेल तर देऊन टाक.

आणि सासूबाईंना फरशी पुसायला ते कूलरचं पाणी दे की. दोघींचं काम होईल.

---

हिशोबी

आक्का, वाचून दोन मिनिटं थांबलो.

ताई, तुमच्यासाठी मी नुसता हिशोब मांडतो. बारा इंची कुंडी म्हणजे तोंडाचा व्यास ३० सेंटिमीटर, क्षेत्रफळ साधारण ०.०७ चौरस मीटर. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर. आपल्याकडं मेमध्ये उघड्यावर दिवसाला सहज दहा मिलिमीटर उडतं. म्हणजे एका कुंडीमागं ०.७ लिटर रोज, साठ कुंड्यांना ४२ लिटर. हे तुम्ही आणणार कुठून, म्हणून तुम्ही खारं पाणी वापरत गेलात, तिथून सगळं सुरू झालं.

आता कुंड्या पंधरा करा आणि वर पन्नास टक्क्यांची शेडनेट, खाली आच्छादन. ढोबळमानानं खर्च निम्मा धरू, ०.३५ लिटर. पंधरा कुंड्यांना सव्वापाच लिटर रोज. बार्शीकरांच्या घरात नुसतं तांदूळ-भाजीचं पाणी आठ लिटर निघतं म्हणतात. लिंबाचा ड्रम मोठा आहे, त्याला दोन लिटर वेगळे धरले तरी बसतंय. म्हणजे नळाचं, टँकरचं, बोअरचं एक थेंबही वेगळं न काढता पंधरा झाडं जगतात. तुमच्या मनाला जे लागतंय त्याचं उत्तर मला तरी या आकड्यात दिसतं.

विलासराव साळुंख्यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरला नायगावात पाणी पंचायत उभी केली तेव्हा हाच नियम लावला होता, पाणी जमिनीच्या मापानं नाही तर घरातल्या माणसांच्या मापानं मिळणार, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. तुमच्या गच्चीवरचा ऊस म्हणजे पालक आणि टोमॅटो. टोमॅटोची तर फुलं पस्तीस डिग्रीच्या वर गेलं की गळतात, लातूरच्या मेमध्ये त्याला कितीही पाजा, फळ धरणार नाही.

शेडनेट नसेल तर जुन्या सुती साड्या दोन पदरी बांधा. आणि कुंड्यांची जागा बदला. बरेच लोक जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला ठेवतात सावली म्हणून, पण मेच्या मध्याला लातूरवरून सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा उत्तरेकडूनच जातो, त्या भिंतीची दुपारी सावलीच पडत नाही. पूर्वेच्या बाजूला ठेवा. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, दुपारनंतर भिंतीची सावली. कुंड्या एकमेकींना चिकटवून, खाली विटा, कारण स्लॅब तापतो आणि बुडातून माती भाजते. बाहेरच्या ओळीला ओलं नाही तरी कोरडं बारदान गुंडाळा.

---

सॅन_होजेकर

मी मूळची उस्मानाबादची (आता त्याला धाराशिव म्हणतात). इथं कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ मोठा दुष्काळ होता, २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्यपालांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची केली होती. लॉन सगळी पिवळी. तेव्हा आम्ही वॉशिंग मशीनचा पाइप खिडकीतून बाहेर काढून थेट फळझाडांच्या आळ्यात सोडला, इथं त्याला परवानगीपण लागत नाही, फक्त पाणी आच्छादनाच्या खाली सोडायचं, साठवायचं नाही आणि भाज्यांना द्यायचं नाही असे नियम आहेत.

त्यात शिकले ती एकच गोष्ट सांगते, पावडर वापरू नका. पावडरमध्ये मिठासारखं भरताड खूप असतं, लिक्विड त्यामानानं बरं. आणि बोरॅक्स असलेलं काहीही नको, बोरॉन लिंबूवर्गीय झाडांना फार लवकर लागतं. आमचं संत्र्याचं झाड त्यानंच गेलं बहुतेक, पानं अशीच कडेनं पिवळी-तपकिरी झाली होती. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली रिठे वापर, आणि खरंच नंतर रिठ्यावर आलो.

गरम पाणी येईपर्यंत शॉवरखाली बादली ठेवतो ती सवय अजून आहे. मुलांनाही लागलीय.

---

पुण्याची_बाल्कनी

एवढं सगळं करण्यापेक्षा हायड्रोजेल मिळतं ते मातीत मिसळा ना, पाणी धरून ठेवतं, आठवड्यातून एकदा पाणी दिलं तरी चालतं. नाहीतर सगळ्या कुंड्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). माझ्या बाल्कनीत मस्त चालतंय.

---

कोरडवाहू

तुमच्याकडं चालत असेल कारण तुमचं पाणी गोडं आहे. खाऱ्या पाण्यात हायड्रोजेल फुगतच नाही नीट, गोड्या पाण्याच्या मानानं फारच कमी पाणी धरतं. घरी करून बघा, एका ग्लासात पिण्याचं पाणी आणि दुसऱ्यात चमचाभर मीठ घातलेलं, दोन्हीत चिमूट चिमूट जेल टाका. कोकोपीटचंही तसंच, त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात त्या न धुता वापरल्या तर त्यांतच मीठ असतं, आणि धुवायला पुन्हा बादल्या लागतात. ताईंच्या परिस्थितीत दोन्ही नको. वाळका पाला, उसाचं पाचट, गव्हाचं काड, शेंगांची टरफलं, जे फुकट मिळेल ते तीन-चार इंच जाड. बास. झाडाच्या बुंध्याला चिकटवू नका फक्त, वाळवी बघत राहा.

---

गच्चीवरची_लातूर

काय बोलू. चार दिवस लिहिलं नाही कारण वरच होते.

शेजारच्या दादांकडं टीडीएसचं पेन होतं ते मागून आणलं. नळाचं साठवलेलं ३८०. बोअर १०९०. आरओचं बाहेर पडणारं १४२०. आणि कूलरच्या टाकीच्या तळाचं ४३००. मी पेन तीनदा पुसून परत बुडवलं. सासरे पण बघायला आले. म्हणजे मी त्या मोगऱ्यांना दर चार दिवसांनी काय पाजत होते... खूप वाईट वाटलं.

पांढरा थर खुरप्यानं काढायला गेले तर काही कुंड्यांत पापडासारखा निघाला, खालची माती बाजूनं आक्रसलेली, कुंडी आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी फट. पाणी सगळं त्या फटीतून सरळ खाली जात होतं. ती फट खुरप्यानं दाबून बुजवली. साठ कुंड्यांतून अडीच घमेली माती निघाली.

मग आक्का म्हणाल्या तसं एकेका कुंडीपुढं उभी राहिले. लिंबू, कढीपत्ता, तुळस, गवती चहा, दोन्ही जास्वंदी, मोगऱ्याच्या दोन, मिरचीच्या तीन, ओवा, कोरफड, सदाफुली. आणि एक गुलाब, लेकीनं शाळेच्या बक्षिसाच्या पैशातून आणलेला, तो मी सोडू शकले नाही. पंधरा झाल्या बरोबर. पालक-मेथीचे ट्रे उपटले, होतं तेवढ्याची भाजी केली. बावीस कुंड्या गल्लीतल्या मंदिराच्या आवारात गेल्या, तिथं हात-पाय धुवायचा नळ आहे आणि त्याच्या सांडपाण्याचा चर, चराच्या कडेला ओळीनं लावल्या. बाकीच्या गेल्यातच होत्या.

सुगडं नऊ निघाली माळ्यावर, त्यातली तीन पाझरली नाहीत, घासतेय. उरलेल्यांसाठी कुंभारवाड्यात गेले, तो माणूस म्हणाला एप्रिल-मेमध्ये सुगडं कोण मागतं, पण भाजलेले लहान लोटे होते त्याच्याकडं ते दिले.

सासूबाई आता तांदूळ धुतला की पातेलं जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवतात. बोलत काही नाहीत.

एक प्रश्न राहिला. लिंबाच्या फांद्या शेंड्याकडून वाळतायत, छाटू का? आणि जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतोय.

---

मोरीमागचं_अळू

वाळकं तेवढंच छाट, हिरव्याला हात लावू नको. आत्ता छाटलंस तर नवी पालवी काढायला ते झाड पाणी मागणार आणि कोवळी पानं उन्हात जळणार. नख लावून बघ, साल खरवडून खाली हिरवं दिसलं तिथं थांब. मोठी छाटणी पावसाळा लागल्यावर.

बक्षिसाचा गुलाब ठेवलास ते बरं केलंस.

---

बार्शीकर

पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, कोरड्या उन्हाळ्यात येतोच, त्यात झाड आधीच बेजार. फवारायला पाणी घालवू नका. जुन्या टूथब्रशला दोन थेंब भांड्याचा साबण आणि थोडं कडुनिंबाचं तेल लावून घासून काढा, पानाच्या देठापाशी आणि फांदीच्या बेचक्यात बघा. मुंग्या चढत असतील तर कुंडीच्या विटा एका पसरट ताटलीत ठेवून त्यात आरओचं पाणी ठेवा, मुंग्याच त्याला पसरवतात. पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास.

पानांच्या खालून बारीक जाळी आणि लाल ठिपके दिसले तर तो लाल कोळी, त्याला सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसली तरी बराच कमी होतो.

---

हिशोबी

आता पावसाची तयारी, कारण जूनमध्ये आठवलं तर उशीर होतो. तुमची गच्ची ९०० स्क्वेअर फूट म्हणजे ८४ चौरस मीटर. दहा मिलिमीटरचा एक साधा पाऊस झाला की ८४० लिटर पडतात, वीस टक्के गळती धरा, पावणेसातशे लिटर हातात. एका सरीत. पंधरा झाडांना रोज सव्वासात लिटर धरले तर तीन महिने पुरेल एवढं. आत्ताच गच्ची झाडून, पन्हळाच्या तोंडाला जाळी लावून, एक-दोन पिंपं खाली ठेवा. पहिल्या सरीची धूळ-घाण आहे ती जाऊ द्या, पुढचं धरा. पिंपं भरली की पुढचं पाणी गाळणीच्या खड्ड्यातून बोअरकडं, ते काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या, गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका.

आणि शेडनेट-साड्या पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी सोडा. आच्छादन बाजूला करा, कुंड्या उघड्यावर ओढा, खालची भोकं काडीनं मोकळी करा. कोरडवाहू दादा म्हणतात ती धुलाई तेव्हाच होईल.

---

गच्चीवरची_लातूर

वीस दिवसांनी लिहितेय.

काल संध्याकाळी पाऊस झाला. पाऊण तास. ढग आले तशी मी आणि लेक वर पळालो, साड्या सोडल्या, कुंड्या मधे ओढल्या, लिंबाचा ड्रम दोघींना हलेना तर सासूबाई वर आल्या, तिघींनी मिळून ढकलला. भोकं मोकळी केली होती. पहिल्यांदा कुंड्यांतून तपकिरी पाणी यायला लागलं, मग हळूहळू स्वच्छ. मी पेन घेऊन भिजत बसले होते. मोगऱ्याच्या कुंडीखालून आलेलं पहिलं पाणी ३६०० दाखवत होतं, पाऊस थांबता थांबता ७००.

पिंप दोन्ही भरली. पन्हळाला लावलेली जाळी एकदा तुंबली, लेकीनं हातानं पाला काढला.

पंधरातली तेरा आहेत. एक मिरची आणि ओवा गेला. लिंबाच्या वाळक्या फांदीच्या खाली, जिथं नख लावून हिरवं दिसलं होतं बरोब्बर त्याच्या खालच्या डोळ्यातून, भाताच्या शितापेक्षा लहान कोंब आलाय. आज सकाळी दिसला.

बार्शीकर दादा, ती घासलेली तीन सुगडं अजूनही पाझरत नाहीत, काय करू?

---

बार्शीकर

आतून पण रंग लागलेला असतो कधीकधी. आतून घासा. नाही जमलं तर तळाला बारीक खिळ्यानं एक भोक पाडून त्यात सुती वात घट्ट बसवा, वातीचं टोक मातीत. चालतं, मी मिरचीला केलंय.